गार बंडीवरचं जॅकेट

"ताई, हा हीट स्ट्रोक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मी चक्क सुटकेचा श्वास सोडला. मला वाटलं होतं, हार्ट अटॅक. हीट स्ट्रोक म्हणजे ऊन लागणं, एवढंच ना? कांदा फोडा, पन्हं पाजा, उद्या माणूस उठून बसेल.

माझा चेहरा बघून त्या पुन्हा बोलल्या. "अंगातलं तापमान इतकं चढलं की शरीराला ते उतरवता येईना. मेंदू, किडनी, लिव्हर, सगळ्यालाच धोका आहे. आज काही सांगू शकत नाही."

काचेतून मिलिंद दिसत होता. काखेत, जांघेत बर्फाच्या पिशव्या, अंगावर ओली चादर, समोर पंखा. माझा नवरा, सकाळी डब्यात लोणचं कमी दिलं म्हणून माझ्याशी भांडून गेलेला.

मिलिंद कळंबोलीकडे एका पुलाच्या कामावर सळया बांधणाऱ्या टोळीचा मुकादम होता. 'होता' लिहिताना जीवावर येतं, पण आता तेच खरं. ऊन वाढलं तशा कंपनीने टोळीला बंड्या दिल्या. पाण्यात भिजवायची, पिळायची, घालायची. पाणी उडून जाताना अंगातली उष्णता सोबत नेतं. टोळीने नाव ठेवलं, गार बंडी. मिलिंदला कोण कौतुक! कामोठ्याला घरी आणून घालून दाखवली. मी पोळीभाजी केंद्रात दिवसभर तव्यापुढे उभी असते. म्हटलं, मलाही आण एक.

पण साइटचा नियम असा, की चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट सगळ्यात वर दिसलं पाहिजे, चेन गळ्यापर्यंत लावलेली. नाहीतर गेटवरून परत. म्हणून सगळ्यांनी गार बंडी आत घातली आणि ते जाड प्लॅस्टिकसारखं जॅकेट वर. साहेबांना त्यात काही वावगं वाटलं नाही आणि टोळीलाही नाही. उलट बंडी आली म्हणून दुपारची सावलीतली विश्रांती गेली. "अंगावर एसी चढवलाय, आता झोपा कशाला?" साहेब हसत म्हणाले होते. टोळीही हसली म्हणे.

त्या दुपारी मिलिंद बरळायला लागला आणि तिथेच कोसळला. त्याच्या टोळीतल्या सुरेशने जॅकेट ओरबाडून काढलं आणि काँक्रीटवर पाणी मारायचा पाइप त्याच्या अंगावर सोडला. डॉक्टर म्हणाल्या, "नुसती अँब्युलन्सची वाट बघत बसले असते, तर हे इथवर आलेच नसते." तुमच्या माणसावर ही वेळ आली तर एवढं लक्षात ठेवा. आधी कपडे उतरवा, पाणी ओता, वारा घाला. गाडी येईपर्यंत थांबू नका.

पुढे किडनी बसली. डायलिसिस सुरू झालं, म्हणजे रक्त मशिनीतून गाळून परत अंगात सोडतात. मी बाहेरच्या बाकावर बसून असायची. कुणी चहा विचारला तरी रडू यायचं.

एकदा मी डॉक्टरांना विचारलं, गार बंडी घालून ऊन लागतंच कसं? त्यांनी मलाच उलट विचारलं, "माठाला प्लॅस्टिक गुंडाळलं तर पाणी गार होईल का?" मग म्हणाल्या, "आपल्या दमट हवेत ती बंडी तशीही कमीच चालते. वरून जॅकेट घातलं की संपलंच." एवढी साधी गोष्ट! इतक्या माणसांत एकाच्याही डोक्यात येऊ नये?

किडनी सावरली. मिलिंद शुद्धीवर आला, पण जीभ जड. डॉक्टरांनी सेरेबेलम नावाचा मेंदूचा मागचा भाग एमआरआयमध्ये दाखवला. तोल, बोलणं, हाताची पकड तिथून चालते. "उष्णतेने तो भाग गेलाय. व्यायामाने थोडं सुधारेल. पूर्वीसारखं होणार नाही, ताई." मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

भेटायला येणारे म्हणतात, जीव वाचला हे काय थोडं झालं? सुरेशचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण सळईला तारेची गाठ डोळे झाकून मारणाऱ्या माणसाला घास भरवताना जीव वाचल्याचा आनंद कुठून आणू? मला तो होत नाही.

परवा सुरेश कामावर जाता जाता आला. अंगात बंडी, वर जॅकेट. मिलिंद अस्वस्थ झाला, काहीतरी बोलायला लागला. सुरेशला एक अक्षर कळेना. मला कळलं. "जॅकेट काढ म्हणतायत," मी म्हटलं.

"वहिनी, आमी सांगून बघितलं साहेबांना. ते बोलले, मिलिंदला बीपी असेल. आणि जॅकेट काढलं तर गेटवरच अडवतात ना."

मिलिंदने हात पुढे केला. थरथरती बोटं चेनवरून घसरत होती, पुन्हा पुन्हा. सुरेश त्याच्यापुढे वाकून उभा राहिला. शेवटी चेन सापडली आणि मिलिंदने ती खालपर्यंत ओढली. किती दिवसांनी हसला.

सुरेश डोळे पुसत निघाला. दार लोटायला मी मागे गेले, तेव्हा जिन्यात थांबून तो चेन परत गळ्यापर्यंत लावत होता.