पिठात काच नको

नवी पेठेतल्या चष्म्याच्या दुकानात आत्यांच्या एका तळहातावर काचेची भिंगं आणि दुसऱ्यावर फायबरची भिंगं ठेवून दुकानदारानं विचारलं, "आजी, कुठली बसवू?" आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. मंडईत वांगी तोलावीत तसे त्यांनी दोन्ही हात वरखाली केले आणि म्हणाल्या, "ह्ये प्लास्टिक हाय व्हय? वजनच न्हाय की ह्याला!"

दुकानदार भला माणूस. घरच्यांशी तेलुगू बोलायचा, आमच्याशी मराठी. त्यानं शांतपणे सांगितलं, "काच जड, पण तिला चरे पडत नाहीत. पडली की मात्र फुटते. फायबर हलकी, फुटत नाही, पण जपावी लागते." जपावी लागते म्हणजे नेमकं काय, हेही त्यानं पुढं सांगितलं असणार. पण तोवर आमच्या दोघींचं भांडण सुरू झालं होतं. मी म्हणत होते काच, त्या म्हणत होत्या फायबर. आम्ही भांडायला लागलो की दुसऱ्याचं ऐकू येत नाही.

घरात आम्ही दोघीच असतो. माझे मालक जाऊन बरीच वर्षं झाली. लेक लग्न होऊन लातूरला गेली, धाकटे दीर लांब पुण्यात असतात. मी शाळेच्या ऑफिसात जाते आणि आत्या कुंभारी गावातल्या आमच्या घरामागं चुलीवर कडक भाकरी करून विकतात. ज्वारीची, पापडासारखी पातळ, बोटानं मोडली की कट्कन वाजणारी. मालक गेले तेव्हा दीर आईला न्यायला आले होते. आत्या त्यांना म्हणाल्या, "हिला एकटीला टाकून मी न्हाय यायची." माझ्या सख्ख्या आईनंसुद्धा मला इतकं धरून ठेवलं नव्हतं. म्हणून तर मी त्यांच्याशी भांडते. परक्याशी कोण भांडतं?

तर त्यांचा जुना चष्मा काचेचा होता. जाड, जड, नाकावर दोन्ही बाजूंना कायमचे वळ पाडणारा. दर शनिवारी भांडी घासून झाली की चुलीतली चिमूटभर राख बोटावर घेऊन त्या चष्मा घासायच्या. आत्यांच्या हिशेबी जगातली कुठलीही वस्तू राखेनंच स्वच्छ होते. तवा, तांब्या, समई, दात, सगळं. मी लग्न होऊन आले तेव्हा माझी टूथपेस्ट बघून म्हणाल्या होत्या, "साखर लावून तोंड धुतीस व्हय गं?" पण खोटं कशाला बोलू, त्यांचा चष्मा लखलखायचा.

मग एका लग्नाच्या ऑर्डरचं पीठ मळताना घामानं तो चष्मा घसरला, परातीच्या काठावर आपटला आणि एका काचेची कपची उडाली. कपची काही सापडेना. मी म्हटलं, "अंगणात पडली असेल हो." आत्यांनी परातीतलं मळलेलं पीठ उचललं, शेजारी उघडं ठेवलेलं पीठही उचललं आणि परसात खड्डा करून पुरून टाकलं. मी म्हटलं, निदान गाईला तरी घाला. तर माझ्यावर वस्सकन ओरडल्या, "गाईला काय जीव न्हाय?" लग्नाची ऑर्डर दुसरीकडं गेली. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

म्हणून दुकानात त्या हटून बसल्या होत्या. "पिठात काच नको. प्लास्टिक तर प्लास्टिक." सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही! शेवटी फायबरचाच चष्मा केला. चार दिवसांत नाकावरचे वळ विरायला लागले. आत्या आरशात बघून खूश. येणाऱ्या-जाणाऱ्याला चष्मा हातात देऊन सांगायच्या, "बग, पिसावानी हाय."

दिवाळी झाली आणि आत्यांना कमी दिसायला लागलं.

आधी भाकरीच्या कडा करपायला लागल्या. मग एका जुन्या गिऱ्हाइकानं सांगितलं की भाकरीत खडा लागला. आत्यांच्या भाकरीत खडा! त्यांनी निवडलेल्या ज्वारीत खडा राहिलाय असं एरवी आमच्या गल्लीत कुणी सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. आता त्या नुसत्याच बसून राहिल्या. संध्याकाळी दारात बसून रस्त्यानं कोण चाललंय, कुणाच्या घरी पाहुणे आलेत, हे मला रोज सांगायच्या, तेही बंद झालं. मी आपली म्हणायची, "आत्या, चष्म्यावर पीठ बसलंय, साफ करा की." त्या मुकाट्यानं उठून मोरीत जायच्या. दुसऱ्या दिवशी भिंगं परत पांढुरकी. मी परत तेच म्हणायची. पिठात काम करणाऱ्या बाईच्या चष्म्यावर पीठ नाही तर काय असणार?

नंबर काढताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, घाई नाही, वर्षभरानं बघू. आम्हा दोघींना वाटलं, पिकला मोतीबिंदू. मी म्हटलं दवाखान्यात चला. "डोळ्याला सुरी लावून घ्यायची न्हाय मला." मी म्हटलं, अहो आता सुरी नसते. "न्हाय म्हंजे न्हाय!" मी हात जोडले, चिडले, अबोला धरला. काही उपयोग नाही.

खरं कारण त्यांनी एकदा भाकरी थापता थापता सांगितलं. त्यांची आई माढ्याकडच्या गावात म्हातारपणी आंधळी झाली होती. "भावजय ताट सरकवायची पुढ्यात. बोलायची न्हाय. आई हातानं चाचपून इचारायची, कोन हाय हितं? कोन बी बोलायचं न्हाय." मग थापायचं थांबवून म्हणाल्या, "तू तसली न्हाईस. तू नोकरी सोडून माझा हात धरून बसशील. त्येच मला नको हाय."

आणि माझ्या पाठीमागं त्यांनी दिरांना फोन करून सांगितलं, मला न्यायला ये.

मी इतकी ओरडले की शेजारीण दारात येऊन उभी राहिली. "तुम्हाला काय, जायचं तर जा! मी कोण लागते तुमची?" असलं काहीबाही बोलले. त्या बॅगेत पातळं भरत होत्या. हातानं काठ चाचपून कुठलं पातळ कुठलं ते ओळखत होत्या. मला भीती वाटत होती. शाळेतून यायचं, आपल्या हातानं कुलूप काढायचं आणि घरात चूल गार. त्या चुलीचा धूर डोळ्यांत जातो म्हणून मी इतकी वर्षं कुरकुर केली होती.

दीर रविवारी येणार होते. शनिवारी सकाळी मी परसात गेले तर आत्या मोरीपाशी उकिडव्या बसून काहीतरी घासत होत्या. दात-ओठ खाऊन, जोर लावून.

"काय घासताय हो?"

"चष्मा. पुन्याची लोकं नावं ठेवतील. तू बी म्हनतीस की, रोज पीठ हाय, पीठ हाय. लई घासते, पन ह्ये पीठ काय निघंना गं."

बोटावर राख होती. खाली ओंजळभर राख. आणि त्यात तो पिसासारखा हलका चष्मा.

"अगं बाई! आत्या! रोज राखेनं घासताय?"

"मग कशानं घासू?"

मी चष्मा हिसकावला, नळाखाली धरला, पदरानं पुसला आणि उन्हात वर केला. भिंगांवर चरेच चरे, उभे, आडवे, गोल. मी तो डोळ्यांना लावून बघितलं. समोरची चूल दिसेना, आत्या दिसेनात, नुसता पांढरा उजेड. ही बाई एवढे दिवस ह्यातून ज्वारी निवडत होती. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तशातली गत. मी पीठ पुसा म्हणायची, त्या राख लावायच्या, आणि जितकं कमी दिसेल तितकं जास्त घासायच्या.

मला हसू आलं आणि रडूही आलं. त्यांना काहीच कळेना. "खुळी झालीस काय? बोल की!"

तसंच त्यांना रिक्षात घातलं. सगळं सांगितलं. पण अर्ध्या वाटेत मला वाटलं, समजा चष्माही खराब आणि डोळेही खराब असले तर? उगाच आशा लावली मी. आत्यांनी माझा हात घट्ट धरला होता, कधी नव्हे तो.

दुकानदारानं चष्मा बघितला, वास घेतला. "आजी, राख?" आत्या दुसरीकडं बघायला लागल्या. त्यानं डोळे तपासायची ती गोल लोखंडी फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली आणि त्याच चष्म्याच्या नंबरची भिंगं एकेक करून आत सरकवली.

आत्यांनी मान वळवून रस्त्याकडं बघितलं. समोरच्या कापड दुकानात एक बाई पातळ उलगडून बघत होती.

"त्या बाईला सांग जा," आत्या म्हणाल्या, "काठाला डाग हाय म्हनावं. फशिवतोय त्यो."

दुकानदार खो खो हसला. मी तिथंच भर दुकानात पदर डोळ्याला लावला. आत्यांनी आता माझ्याकडं बघितलं, वरपासून खालपर्यंत, सावकाश. "किती वाळलीस गं. आन मला वाटायलं, तू जेवतीस." मग एकदम फणकारून म्हणाल्या, "रडायला काय झालं? मला दिसायलंय की!"

"आता सांगा आजी," दुकानदार म्हणाला, "काच की फायबर? काच घेतलीत तर राखेनं घासली तरी चालेल." त्यानं परत दोन्ही भिंगं समोर ठेवली. ह्या वेळी मी तोंड उघडलं नाही. आत्यांनी काचेची भिंगं हातात घेतली, अंगठा फिरवला. जन्मभराची सवय ती. मग खाली ठेवली.

"पिठात काच नको. प्लास्टिकच बसीव. कशानं धुवायचं ते सांग, आन हिला बी ऐकू दे, मागल्या टायमाला ही नुसती भांडत हुती."

मी! मी भांडत होते! पण जाऊ दे. दुकानदारानं सांगितलं, साबणाच्या पाण्यानं धुवायचं, मऊ फडक्यानं टिपायचं. आम्ही दोघींनी ऐकलं.

"फोन लाव पुन्याला," आत्या म्हणाल्या. ती लोखंडी फ्रेम अजून नाकावरच होती, काढू देईनात. मी फोन लावून त्यांच्या कानाला धरला. पलीकडून दिरांचा आवाज ऐकू येत होता, आई, मी उद्या पहाटेच निघतो, सामान बांधून ठेव.

"ये की," आत्या म्हणाल्या. त्या माझ्याकडंच बघत होत्या. "जेवायला ये. न्यायला येऊ नगंस."