हिरव्या झग्याची ओटी

बहारीनमध्ये बघण्यासारखं काय आहे, असं आजही कुणी विचारलं की मी जुना किल्ला आणि वाळवंटातलं ते एकटं झाड एवढं सांगून मोकळी होते. पण मला विचाराल तर मी तिथे केलेली सगळ्यात मोठी सहल एका दिवसाची होती, जाऊन-येऊन शंभर किलोमीटरसुद्धा भरली नसती, आणि तिच्यासाठी मी घरात चक्क भांडले होते.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. आम्ही मनामात नईमला राहायचो. नवरा अनिरुद्ध इंजिनियर, शिफ्टची नोकरी. मी एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंट्स बघायचे. सासरे गेले, त्यानंतरच्या हिवाळ्यात सासूबाईंना आम्ही साताऱ्याहून बोलावून घेतलं. हवापालट होईल, असं आम्हाला वाटलं होतं. झालं भलतंच. ज्या बाई साताऱ्यात अख्ख्या गल्लीच्या लग्नांत रुखवत मांडायच्या, त्या इथे येऊन बेडरूममध्ये बसल्या त्या बसल्याच. संक्रांतीचं हळदीकुंकू केलं तेव्हा जुफैर, रिफा कुठून कुठून बायका आल्या होत्या. तिळगूळ सासूबाईंनीच केला होता, आणि पहिली बेल वाजल्याबरोबर आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. मी दार ठोठावलं. "तुमचं आटपू द्या," एवढंच उत्तर आलं. बाहेर मी हसून वाण वाटत होते आणि आतून माझा नुसता संताप होत होता. कुणावर, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी त्यांचं परतीचं विमान होतं. परदेशात येऊन एका खोलीच्या चार भिंती बघून ही बाई परत जाणार, आणि साताऱ्यात जाऊन पुन्हा तशीच दाराआड बसणार, हे मला मान्य नव्हतं. म्हणून त्याआधीच्या शुक्रवारी त्यांना घेऊन बाहेर पडायचंच, असं मी ठरवलं.

कुठे जायचं ते ऑफिसातल्या इकबालभाईंनी सुचवलं. इकबालभाई श्रीवर्धनचे. आमच्या कंपनीत क्लिअरिंगचं काम बघायचे आणि अरबी इतकं फर्डं बोलायचे की कस्टमवाले त्यांना चहा पाजायचे. ते म्हणाले, "वैनी, पूर्वेच्या किनाऱ्याला दोन जुनी चर्चं आहेत. पडीक. तिथे कलाकार लोकांनी कायतरी मांडून ठेवलंय. एका बाईला मी लाकूड पोचवलं. काय करतेय ते मला काय कळलं नाय, पण बघण्यासारखं आहे."

बहारीनच्या गावात चर्च कुठून, हा प्रश्न मलाही पडला होता. आम्ही ऐकलं ते असं, की पूर्वी गावांच्या कडेला ठेकेदारांनी कामगारांच्या वस्त्या उभारल्या होत्या. त्यातल्या गोव्याच्या आणि केरळच्या लोकांनी आपल्यापुरती प्रार्थनेची घरं बांधली. वस्त्या उठल्या, माणसं मनामात गेली, भिंती तेवढ्या राहिल्या. गावकऱ्यांनी त्या पाडल्या नाहीत, जाळी ठेवायला वापरल्या.

अनिरुद्धचं म्हणणं, गावांकडे कशाला? मागची काही वर्षं तिकडे गडबड होती, रस्त्यांवर पोलिसांची नाकी असायची. आता निवळलं होतं, पण आपल्या लोकांच्या मनातून भीती गेली नव्हती. "मॉलमध्ये ने की आईला," तो म्हणाला. मी म्हटलं, "मॉलमध्ये त्या बाकावर बसतील. बसायला घरी सोफा आहे." ड्रायव्हिंग लायसन्स नुकतंच हातात पडलं होतं, त्याचीही जरा मस्ती होतीच.

शुक्रवारी सकाळी निघालो. मी, पुढच्या सीटवर रस्ता दाखवायला इकबालभाई, मागे सासूबाई. आधी मनामाच्या बाजारात थांबलो. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी दुकानं बंद होतात, तेव्हा खरेदी सकाळीच उरकून घ्यावी. सासूबाईंनी साताऱ्याच्या शेजारणींसाठी ब्लाउजपीस घेतले, शिवाय खारका आणि रात्रीच्या आमटीसाठी एक नारळ. भाव करताना त्यांचा आवाज जरा चढला तेव्हा मला बरं वाटलं. इकबालभाईंनी कोपऱ्यावरच्या भट्टीतून गरम रोट्या आणि वाटीभर नखी आणली. नखी म्हणजे लाल मिरची घालून उकडलेले छोले. तिघांची न्याहारी अर्ध्या दिनारच्या आत झाली. फेब्रुवारीत जात असाल तर ही न्याहारी चुकवू नका. उन्हाळ्यात जात असाल तर जाऊच नका.

सित्राचा पूल ओलांडला की रिफायनरीची धुराडी लागतात, मग रस्ता मोकळा होतो. डावीकडे समुद्र, उजवीकडे पांढरट रेती. एका नाक्यावर पोरसवदा पोलिसाने थांबवलं. कार्डं दाखवली. त्याने मागे वाकून सासूबाईंकडे बघितलं, इकबालभाईंशी दोन शब्द बोलला आणि हात हलवला.

"काय म्हणाला?" सासूबाईंनी विचारलं.

"विचारत होता, आजीला कुठे नेताय. मी बोललो, समुद्राची हवा खायला. बोलला, यल्ला, जा, आणि गाडी हळू चालवायला सांग बाईला."

सासूबाई हसल्या. मी स्पीड कमी केला नाही.

पहिलं चर्च एका खेड्याच्या टोकाला होतं. पत्र्याचं छप्पर अर्धं उडालेलं. मासे पकडायचे तारेचे मोठे पिंजरे असतात ना, घुमटासारखे, तसे पंधरा-वीस आत छताला टांगलेले होते. उन्हाने त्यांच्या सावल्या जमिनीवर, भिंतींवर आणि आपल्या अंगावर पडायच्या. मी आत उभी राहिले आणि माझ्या हातांवर जाळी उमटली. मला ते फार आवडलं. सासूबाईंना मी तीनदा बोलावलं. "मी बसते गाडीत," त्या म्हणाल्या. खिडकीतून त्यांनी एवढंच विचारलं, की एवढे पिंजरे आहेत तर मासे कुठे आहेत. इकबालभाई म्हणाले, "मावशी, आपणच." यावर त्यांनी खिडकीची काच वर केली. मी मनातून चिडले होते, पण दुसरं चर्च बाकी होतं.

ते तिथून दहा-बारा किलोमीटरवर, जवळजवळ पाण्याला लागून. रस्ता कच्चा, शेवटचा पट्टा पायी जाण्यासारखा. मी हट्टाने गाडी अगदी दारासमोर नेऊन उभी केली. दाराला फळ्याच नव्हत्या. समोर, जिथे पूर्वी क्रूस असेल तिथे, एक झगा टांगलेला होता. गडद हिरवा, अंगभर सोनेरी जरीचं काम, बाह्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या. आत माणूस नाही. तरी कुणी उभं आहे असंच वाटत होतं. खाली जमिनीवर वाळू पसरून तिच्यावर दाताळ्याने बारीक रेघा ओढल्या होत्या, इतक्या नीट की माझा पाय उंबऱ्यावरच थबकला. इकबालभाईही तिथेच थांबले. "इथल्या नवऱ्या मेंदीच्या दिवशी हिरवं नेसतात, वैनी," ते हळूच म्हणाले.

एवढ्यात गाडीचं दार वाजलं. सासूबाई उतरल्या होत्या. खरेदीची पिशवी हातात, नजर समोर. माझ्या शेजारून पुढे गेल्या, चपला उंबऱ्याशी काढल्या आणि कुणाला काही न विचारता अनवाणी त्या रेघांवरून सरळ चालत गेल्या. झग्यापुढे त्या वाकल्या. ब्लाउजपीस उलगडला, त्यावर नारळ ठेवला, शेजारी मूठभर खारका, आणि हात जोडले.

"अहो आई!" मी म्हटलं.

"हिरवी नेसून नवरी उभी आहे आणि ओटी रिकामी," त्या म्हणाल्या. "बरं दिसतं का?"

नेमकी तेव्हाच मागून इंग्रजीत हाक आली. "थांबा! हे काय केलंत?" काळ्या अबायातली, पस्तिशीची एक बाई गावाच्या बाजूने धावत येत होती. इकबालभाईंनी लाकूड पोचवलेली हीच, माहा. शाळेत चित्रकला शिकवायची. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. संध्याकाळी पाहुणे येणार होते आणि ती वाळू तिने गुडघ्यांवर बसून काल दिवसभर ओढली होती. मी माफी मागायला लागले तेवढी ती आणखी चिडली. "वाळूवर पाऊल पडायचं नाही, हेच तर ते काम आहे!" ती म्हणाली.

मग तिने सांगितलं ते मी सासूबाईंना मराठीत सांगत गेले. झगा तिच्या आईचा. वडील गेले, इद्दतचे, म्हणजे विधवेने घरात राहायचे, दिवस सरले, तरी आईने हा झगा पेटीतून पुन्हा काढला नाही. कुणाच्या मेंदीला गेली नाही. बोलावणी यायची, कुणी अडवत नव्हतं, पण ती जायची नाही. मग हळूहळू बोलावणीही थांबली. आईभोवतीचं हे अंतर म्हणजे ती वाळू.

सासूबाईंचा चेहरा उतरला. आपण काय करून बसलो ते त्यांना तेव्हा कळलं असावं. "तिला सांग," त्या मला म्हणाल्या, "मीही विधवाच आहे. माझ्या हातून ओटी भरायला नको होती. बघितलं आणि हात गेला. चुकलं माझं." त्या नारळ उचलायला वाकल्या.

मला जमेना. इंग्रजीत ओटीला शब्दच सापडेना आणि रडू यायला लागलं होतं. इकबालभाई पुढे झाले. अरबीत, हात हलवत, बराच वेळ बोलले. मधे मला मराठीत म्हणाले, "आमच्यात पण भरतात ना ओटी, मला ठाऊक आहे. सांगितलं तिला, की लेक सासरी निघाली की तिची झोळी भरतात, रिकामी पाठवत नाहीत. आणि मावशी बोलतायत त्यांना हक्क नाही, ते पण सांगितलं."

माहा पुढे आली. मग सासूबाईंच्या मनगटाला धरून तिने नारळ खाली ठेवायला लावला. मला म्हणाली, "यांना सांग, माझ्या आईने दारात आलेल्या बाईला तू कोण, असं विचारलं नसतं." आणि लगेच, "अजून काय लागतं यात?"

"तांदूळ," मी म्हटलं.

ती जवळच्या घरात गेली आणि स्टीलच्या वाडग्यात तांदूळ घेऊन आली. बासमती, लांब दाण्याचा. वाडगा तिने सासूबाईंपुढे धरला. एरवी मी म्हटलं असतं, घाला आई, घाला. त्या वेळी तोंड बंद ठेवलं, आयुष्यात क्वचित जमलंय ते. सासूबाईंनी झग्याकडे बघितलं, माहाकडे बघितलं, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि तांदूळ ब्लाउजपीसवर घातले. मग आणखी एकदा.

वाळू पुन्हा सारखी करू का, असं मी माहाला विचारलं. "नको," ती म्हणाली, "आता राहू दे." जाताना सासूबाईंची पावलं चुकवून ती कडेकडेने चालली. आम्ही बाहेर पाण्याजवळ बसून घरून आणलेली थालीपिठं खाल्ली. माहाने दोन खाल्ली आणि तिखट लागलं म्हणून पाणी पीत राहिली. सासूबाई तिला मराठीत विचारत होत्या, लग्न झालंय का, मुलं किती, आणि ती अरबीत काहीतरी सांगत होती. इकबालभाई आडवे झाले होते, त्यांनी काही भाषांतर केलं नाही. परतताना सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या.

ही सहल करायची कुणाला इच्छा झाली तर वाईट बातमी अशी, की ती दोन्ही चर्चं आता राहिलेली नाहीत. किनाऱ्यावर भराव पडला, रस्ते रुंद झाले. माहाशी पुढे दोन-तीनदा फोनवर बोलले, मग तेही राहून गेलं. तरी पूर्वेच्या त्या रस्त्याने जरूर जा, पाणी सोबत ठेवा, खांदे झाकणारे कपडे घाला, आणि गावात शिरताना कुणाला तरी सलाम करा. मी त्या दिवशी सासूबाईंना जग दाखवायला निघाले होते. संक्रांतीच्या दिवशी ते दार त्यांनी आतून लावलं होतं आणि बाहेरून मीही ते एकदाच ठोठावून सोडून दिलं होतं, हे मला तिथे, त्या वाळूकडे बघताना कळलं. माहाच्या आईला हळूहळू बोलावणी थांबली होती, तसंच.

बुधवारी सामान बांधून झालं. अनिरुद्ध बॅगा लिफ्टकडे नेत होता. मी हॉलमध्ये पाट मांडला आणि ताटात ब्लाउजपीस, नारळ, हळकुंड, सुपारी, तांदूळ घेऊन उभी राहिले.

"हे काय?" सासूबाई म्हणाल्या.

"बसा. तुमची ओटी भरायची आहे."

"मेधा, असं करत नाहीत."

"मला माहितीये करत नाहीत. मी करणार आहे. विमान चुकलं तरी चालेल."

त्यांनी ताटाकडे बघितलं. दारात अनिरुद्ध बॅग हातात धरून थांबला होता. मला वाटलं, आता या रागावणार, किंवा रडणार. त्या पाटावर बसल्या, पदर सावरून दोन्ही हातांनी पुढे पसरला. मी नारळ ठेवला, ब्लाउजपीस ठेवला आणि तांदळाला हात घातला. जेमतेम चिमूटभरच घेतले गेले.

"नीट ओंजळभर घाल गं," सासूबाई म्हणाल्या. "साताऱ्यापर्यंत पोचायला हवेत."