हळ्ळीखेडचा निरोप

गुलबर्ग्याच्या गिरणीमागच्या चाळीत सोजराबाई अबोल म्हणून ओळखली जायची. नळावर बायका भांडायच्या, हसायच्या, एकमेकींच्या सासवांचा उद्धार करायच्या, आणि ही घागर भरून खालमानेनं निघून जायची. पाटलाच्या भावकीतली लेक आहे, वळणाची आहे, असं बायका म्हणत. खरी गोष्ट अशी की सोजरा बोलायला भ्यायची. हळ्ळीखेडच्या महारवाड्यातला एखादा शब्द तोंडातून निसटला असता, तर नवऱ्याच्या हातातला माग गेला असता.

नवरा अंकुश आधी सोलापूरच्या गिरणीत होता, पिंजणखात्यात. महारांना तेवढंच खातं उघडं. दिवसभर कापसाची धूळ छातीत जायची आणि रात्रभर खोकला. शेजारच्या एका मोमीन विणकरानं त्याला आपल्या हातमागावर बसवून विणणं शिकवलं होतं. हात बसल्यावर अंकुश गिरणीच्या मागखात्यात मुकादमाकडं गेला. मुकादम काही वाईट माणूस नव्हता. त्यानं मागावर आडवं सूत वाहून नेणारा धोटा उचलून दाखवला. सुताची कांडी बदलली की धोट्याच्या भोकाला तोंड लावून सूत ओठांनी ओढून घ्यावं लागे, आणि या पाळीत एकाच्या तोंडी असलेला धोटा पुढच्या पाळीत दुसऱ्याच्या तोंडी जाई.

"तुज्या ओठाचा धोटा दुसरं कोण तोंडाला लावील?" मुकादम म्हणाला. "हात चांगला हाय तुजा. पण हाताचं कोण बघतंय, बाबा?"

त्याच पावसाळ्यात अंकुशच्या खात्यातला जोडीदार रक्त ओकून मेला. दिवस घातल्यावर अंकुशनं बिऱ्हाड उचललं, निजामाच्या मुलखात परत आला, आणि गुलबर्ग्याच्या गिरणीच्या फाटकावर नाव सांगितलं, अंकुशराव मोरे. जात सांगितली, मराठा. रझाकारांची धामधूम अजून बरीच लांब होती. नवीन माग आले होते आणि माणसं हवी होती. त्याला माग मिळाला.

हळूहळू खोकला उतरला. अंकुश घरी येऊन सोजराला दिवसभराच्या कापडाचं सांगायचा, काठ कसा सरळ आला, मुकादम काय म्हणाला. अंगावर मांस चढलं. सोजरा त्याच्याकडं बघायची आणि वाटायचं, असू दे, गप्प राहणं काही फार नाही.

पण माहेर तुटलं. अंकुश एकदाच हळ्ळीखेडला जाऊन सासऱ्याला, लिंबाजीला, सगळं सांगून आला. आपलं येणं होणार नाही, तुम्हीही येऊ नका. लिंबाजी गावचा महार. कुणाच्या घरी मरण झालं की पाव्हण्यारावळ्यांच्या गावी निरोप घेऊन पायी जायचं, हे त्याचं पिढीजात काम. त्यानं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

चाळीत सोजराला एकच माणूस जवळचं झालं, शेजारची कमलबाई. चिंताकीची मराठ्याची लेक. तिचा नवरा किशनराव अंकुशच्याच मागावर, पुढच्या पाळीत. सोजरा तापानं पडली तेव्हा कमलबाईनं तिला मांडीवर घेऊन पेज पाजली होती. सोजरा तिला अक्का म्हणायची, मनापासून म्हणायची, आणि त्या मनापासूनच्यानंच तिला जास्त भीती वाटायची.

एका दुपारी कमलबाई तिची वेणी घालत बाहेर बसली होती. गटाराच्या पलीकडं एक म्हातारा येऊन उभा राहिला. खांद्यावर घोंगडी, हातात घुंगराची काठी, पाय धुळीनं पांढरे.

सोजरानं ओळखलं. अप्पा.

"कोण रे?" कमलबाईनं विचारलं. "कुणाकडं आलायस?"

लिंबाजीनं लेकीकडं पाहिलं. तिच्या केसांत परक्या बाईचे हात पाहिले. एक पाऊल पुढं टाकलेलं त्यानं मागं घेतलं आणि वाकून हात जमिनीला लावला.

"जोहार, मायबाप. हळ्ळीखेडहून आलाव. अंकुशरावाच्या मालकीणबाईला म्हायेरचा निरोप हाय."

"सांग की."

"बाईच्या आईसायब वारल्या. गेल्या बुधवारी. माती झाली."

सगळ्या जन्मात परक्यांची मरणं सांगत हिंडला, त्याच सपाट आवाजात त्यानं सांगितलं. सोजराच्या तोंडून नुसती हवा बाहेर आली. कमलबाईनं तिला पोटाशी धरलं आणि मग सोजराला रडू फुटलं.

"कशानं गेली रे माउली?"

"तापानं. शेवटाला लेकीचं नाव घेतलं."

"तू व्हतास का तितं?"

"मी न्हवं का भाईर, अंगणात," तो म्हणाला.

कमलबाईचं काळीज हळवं. एवढ्या लांबून चालत आलाय, उपाशी असंल, असं म्हणत तिनं घरातून भाकरी आणून गटाराच्या पलीकडं त्याच्या घोंगडीत टाकली. पाण्याचा लोटाही आणला. पण तिची नुकती आंघोळ झाली होती, तिला सोमवार होता. तिनं लोटा सोजराच्या हातात दिला.

"तुला आता सुतकच लागलंय, सोजरा. तूच वत त्याच्या वंजळीत."

सोजरा उठली. लिंबाजी उकिडवा बसला आणि ओंजळ तोंडाशी नेली. तिनं लोटा कलता केला. लोटा खाली खाली येत होता, बापाच्या बोटांना लागेलसा झाला. मान वर न करता लिंबाजी पुटपुटला,

"वर धर, बाई. आजून वर."

तिनं लोटा वर धरला. तो पाणी प्याला, ओल्या हातानं तोंड पुसलं, पुन्हा जोहार केला आणि निघाला. घुंगरांचा आवाज चाळीच्या टोकापर्यंत येत राहिला.

संध्याकाळी अंकुशला कळलं तसा तो नाक्यापर्यंत धावत गेला. म्हातारा केव्हाच निघून गेला होता. सुतकाचे दिवस कमलबाईनं सोजराला चूल पेटवू दिली नाही. स्वतः करून वाढलं. तो घास सोजरा पाण्याबरोबर गिळायची.

घात झाला तो मायेनंच. उन्हाळ्यात किशनराव सासुरवाडीच्या एका लग्नाला चिंताकीला निघाला. वाटेत हळ्ळीखेड लागतं, तर सोजराच्या माहेरी दोन शब्द बोलून या, असं कमलबाईनंच त्याला सांगितलं. किशनरावानं बाजारात एका तेल्याला विचारलं, पाटलांच्या भावकीत कोण बाई वारली, जिची लेक गुलबर्ग्याला असते?

"पाटलाकडं कुणी न्हाई वारलं," तेली म्हणाला. "वारली ती लिंबा महाराची बायकू. त्याचा जावाईच हाय की गिरणीत."

किशनरावानं पुढं काही विचारलं नाही. लग्नही पुरतं पाहिलं नाही.

तो परतला त्याच्या दुसऱ्या दिवशी मागखात्यात यंत्राचे पट्टे फिरत होते, पण कुणीच माग चालवत नव्हतं. किशनराव सगळ्यांसमोर अंकुशला म्हणाला, "एवढी वर्सं तुजा उष्टा धोटा तोंडात घेटला रं मी. कामून केलंस असं? माजंच घर गावलं तुला?" तो रडत होता. रडता रडताच त्यानं लोखंडी टोकाचा धोटा अंकुशच्या तोंडावर मारला. मग बाकीचेही अंकुशवर तुटून पडले.

मॅनेजरसाहेबांनी अंकुशला फाटकाबाहेर काढलं. "हमको जातपात से मतलब नहीं," साहेब म्हणाले, "कपडा चाहिए. तुझ्यासाठी सगळं खातं बंद कसं ठेवू?" अंकुशच्या ओठांतून रक्त गळत होतं.

चाळीत सोजरा बोचकं बांधत होती. बाहेर कमलबाईनं आपल्या घरातली सगळी भांडी विटाळ घासून काढायला आणून राखेच्या ढिगाजवळ ओतली होती. ती शिव्या देईल, थुंकेल, असं सोजराला वाटलं. कमलबाई दारात येऊन लांब उभी राहिली.

"त्यो म्हातारा कोण व्हता?"

"अप्पा," सोजरा म्हणाली. "माजे अप्पा, अक्का."

कमलबाईनं पदर तोंडात कोंबला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

सोलापुरात, हैदराबादेत, कुठल्याच गिरणीत अंकुशला कुणी उभं केलं नाही. मुकादमाकडून मुकादमाकडं गोष्ट पोचत गेली होती. शेवटी दोघं तांडूरच्या फरशीच्या खाणीत लागली. दगडाला कुणाचा विटाळ नव्हता. तिथं पुन्हा धूळ होती, आणि खोकला पहिल्यापेक्षा जोरानं परत आला. समोरचे दात पडल्यापासून अंकुश फारसा बोलत नसे. कापडाचा विषय तर कधीच नाही.

दिवाळीच्या आसपास सोजरा एकटीच हळ्ळीखेडला गेली. आता कुणाची भीती राहिली नव्हती. लिंबाजी खोपटात पडून होता, पाय सुजलेले. लेक दिसताच तो धडपडून उठला.

"अप्पा, त्या दिवशी मी..." तिनं तोंड उघडलं.

"ऱ्हाऊ दे ते." त्यानं हात केला. "जावाई कसा हाय? मागावर हाय न्हवं?"

सोजरानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. येताना वाटभर तिनं सगळं सांगायचं ठरवलं होतं.

"व्हय, अप्पा."

"दोन माग चालवतुया का आता?"

"व्हय."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. आणि लगेच तो घाबरा झाला. आज बाजाराचा दिवस, गुलबर्ग्याकडचं कुणीही येईल, तुला महारवाड्यात बघितलं तर जावयाचा माग जाईल, असं म्हणत तो तिला दाराकडं लोटू लागला.

"जा, लेकरा. लौकर जा. आन पुन्हा येऊ नगंस. मी मेलो तरी येऊ नगंस."

ती निघाली. लिंबाजी काठीला टेकून वेशीपर्यंत आला आणि तिथं उभा राहिला. तांडूरला जायचं तर चिटगुप्प्याकडची वाट धरायला हवी होती. पण तो बघत होता, म्हणून सोजरा हुमनाबादच्या, गुलबर्ग्याच्या वाटेला लागली, आणि तो दिसेनासा होईपर्यंत त्याच वाटेनं चालत राहिली.