राबावरची हाक

आमच्या आईला चपलेचं वावडं आहे. लग्नाला निघाली तरी ती चपला पिशवीत घालून नेते आणि मांडव दिसायला लागला की पायात चढवते. चौक गावच्या बाजारातून मी तिला घेऊन दिलेले जोड खाटेखाली जसेच्या तसे पडून आहेत. रस्त्याचं डांबर तापलेलं असो की बांधावर काटे पसरलेले असोत, तिच्या चालण्यात फरक पडत नाही. लहानपणी मला याचा केवढा अभिमान वाटायचा. पोरांना मी सांगायचो, आमची आई बाभळीच्या काट्यावरून चालते, आणि कुणी खोटं म्हटलं तर मारामारीला उठायचो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते त्या पायांमुळं झालं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं.

लोधिवलीपासून आत आमचं गाव. मी कुंभिवलीच्या बाजूला एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. कंपन्यांच्या मागं बॉयलरची राख टाकायची जागा असते आणि थंडीत कुत्री उबेला तिथं जाऊन झोपतात. राख वरून गार असते, मऊ असते. आत निखारे असतात. एका सकाळी तसाच एक तांबूस कुत्रा त्या ढिगात उतरला आणि केकाटत बाहेर आला. मला कुत्र्यांचा फार पुळका होता अशातला भाग नाही. पण तो गेटजवळ येऊन उभा राहिला आणि कुठला पाय टेकवावा हेच त्याला कळेना. एक टेकवायचा, लगेच उचलायचा, दुसरा टेकवायचा. मी डबा उघडला होता तो तसाच बंद केला.

वॉचमनकडं जखमी जनावरं सांभाळणाऱ्या कर्जतकडच्या एका संस्थेचा नंबर होता. त्यांची जीप आली, कुत्र्याला घेऊन गेली. माझी बायको कर्जतची. माहेरी गेली की संस्थेत डोकावून यायची आणि मला फोटो पाठवायची. आधी चारही पायांना पांढरी पट्टी, मग दोनच पायांना, मग नुसता कुत्रा. शेवटच्या फोटोत तिचा हात त्याच्या डोक्यावर होता. ते बघितल्यावर आता हा घरी येणार हे मी ओळखलं.

संस्थेतल्या बाई कडक होत्या. बांधून ठेवणार का, दिवसभर घरी कोण असतं, घरातल्या सगळ्यांची तयारी आहे का, असं त्यांनी एकेक विचारलं. बायकोनं सगळ्याला हो म्हटलं. घरातल्या सगळ्यांत आई येत होती आणि तिला आम्ही विचारलंच नव्हतं.

कुत्रा जीपमधून उतरला तेव्हा आई पडवीत तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"पडवीत ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "उंबऱ्याच्या आत नाय. आधीच सांगते."

संस्थेतल्या मुलींनी त्याला एक इंग्रजी नाव ठेवलं होतं. ते आईच्या तोंडात बसेना. दोनदा प्रयत्न करून तिनं सोडून दिलं आणि त्याला नुसतं 'बाबा' म्हणायला लागली. ये बाबा, खा बाबा, गप बस बाबा. मलाही लहानपणी ती असंच म्हणायची. कुत्र्याला माझ्याच रांगेत बसवल्यासारखं वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला.

पहिले काही दिवस तो पडवीच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसायचा. कुणी बघत असेल तर जेवायचा नाही. बायकोनं संस्थेच्या बाईंना फोन करून काय काय विचारलं, औषधं विचारली. आईनं ताटलीत तांदळाची भाकरी कुस्करली, त्यावर सुकटीचा रस्सा घातला आणि आम्हा दोघांना आत हाकललं. "नवी नवरी आलीय असं समजा," ती म्हणाली. "माझं लगीन झालं तवा मी पन कुनाच्या म्होरं जेवत नव्हते." मग स्वतः त्याच्याकडं पाठ करून बसली आणि तांदूळ निवडायला लागली. थोड्या वेळानं ताटली चाटल्याचा आवाज आला. आई वळली नाही.

खरा प्रश्न चुलीचा होता. स्वयंपाक आमच्याकडं गॅसवर होतो, पण अंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापतं आणि ती चूल वडिलांनी पडवीच्या बाजूलाच मांडली होती. सकाळी काडी ओढली की कुत्रा उठायचा आणि कुंपणापाशी जाऊन बसायचा. कितीही बोलवा, चूल पूर्ण विझेपर्यंत तो परतायचा नाही. एखाद दिवशी उपाशीच राहायचा. आई चिडायची. "एवढं काय भ्यायचं रं? चूल काय उठून मागं लागतीय?"

एक दिवस मी ड्युटीवरून आलो तर चूल जागेवर नव्हती. आईनं एकटीनं दगड हलवून ती घरामागं, गोठ्याच्या अंगाला नेली होती. वडील गेल्यावर त्यांनी मांडलेल्या कुठल्याच वस्तूला तिनं हात लावू दिला नव्हता. मी बघतोय हे बघून ती म्हणाली, "धूर जातोय डोळ्यात." जन्मभर त्या धुरात बसलेल्या बाईला आता धूर लागायला लागला होता. बायको तोंडाला पदर लावून आत पळाली.

त्यानंतर तो आईचाच झाला. आम्ही आणला, पण आमचा राहिला नाही. ती विहिरीवर गेली की मागं, भाताच्या खाचरात गेली की मागं. तिच्या टाचेला नाक लावून चालायचा. उंबऱ्याचा नियम आईनं मोडला नाही, पण भाजी निवडायला ती आता उंबऱ्यावरच बसायची, अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि तो बाहेरून तिच्या मांडीवर डोकं टेकवून झोपायचा. गावातल्या बायकांचं काय चाललंय हे ती आम्हाला सांगायची नाही ते त्याला सांगायची. त्या दिवसांत आई खूश होती. वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच.

मग राबाचे दिवस आले. आमच्याकडं भाताचं रोप टाकायच्या जागेवर उन्हाळ्यात राब भाजतात. झाडांच्या तोडलेल्या फांद्या, शेण, पालापाचोळा, गवत असं थरावर थर लावायचं, वर माती पसरायची आणि पेटवून द्यायचं. जमीन भाजते, तण मरतं, राखेत रोप जोमानं येतं. हल्ली शेतीखात्याची माणसं भाजू नका म्हणतात. आई त्यांचं ऐकून घ्यायची, त्यांना चहा द्यायची आणि राब भाजायची.

त्या वर्षी मात्र तिला कुत्र्याची काळजी लागली. भाजायच्या सकाळी तिनं स्वतःहून दार उघडलं आणि त्याला घरात घेतलं. उंबऱ्याच्या आत, थेट माजघरात. बायकोला म्हणाली, "तू ऱ्हा याच्यापाशी. टीव्ही मोठा लाव." आम्ही दोघांनी राब पेटवला. संध्याकाळी परतल्यावर ती आधी घरामागं गेली. डोक्यावरून अंघोळ केली, केस धुतले, लुगडं बदललं, राखेचं लुगडं तिकडंच भिजत टाकलं आणि मग त्याच्याजवळ गेली. त्यानं तिचे हात हुंगले आणि शेपूट हलवली. आईचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता. आपण ही गोष्ट निभावून नेली, असं आम्हा तिघांनाही वाटलं.

दोन-तीन दिवसांनी सुट्टी होती. राख सारखी करायला आई खाचरात निघाली, मी तिच्याबरोबर निघालो आणि कुत्राही आला. तिच्यामागं यायची त्याला सवयच होती. धूर कुठं दिसत नव्हता. राब काळा-करडा होऊन पडला होता. बांधापाशी कुत्रा थांबला. नाक वर करून उभा राहिला. आई नेहमीसारखी अनवाणी पुढं गेली, राखेवरून चालत पार पलीकडच्या कडेला पोचली. तिला काहीच लागलं नाही. मी बांधावर होतो, माझ्या पायात बूट होते.

आईनं मागं वळून बघितलं. तो अजून अलीकडंच होता.

"ये बाबा," ती म्हणाली. "इजलाय सगळा. काय नाय त्यात आता. ये."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मलाही विझलाय असंच वाटत होतं. तो बराच वेळ उभा राहिला. एक पाय पुढं टाकायचा, मागं घ्यायचा. आईनं खाली बसून दोन्ही हात पुढं केले. "ये रं. मी हाय ना."

तो निघाला.

शेणाचे पोवटे आत दिवसच्या दिवस धुमसतात. आम्हाला हे माहीत नव्हतं असं नाही. पण आमच्या पायांना ते कधी लागलंच नव्हतं, म्हणून डोक्यातही आलं नाही. मधोमध आल्यावर त्याचे पुढचे पाय राखेत रुतले. तो केकाटला. वाटलं, आता मागं फिरेल, बांध जवळ होता. तो मागं फिरला नाही. जळत्या पायांनी तो आईकडंच पळत गेला आणि तिच्या मांडीत शिरला.

आईनं त्याला उचललं आणि ती विहिरीकडं धावली. मी विहिरीत दोर सोडून पाणी ओढत होतो, ती त्याच्या पायांवर ओतत होती. नंतर मी राबाकडं बघितलं तर ती परत तिथं जाऊन बसली होती आणि त्याचे पाय रुतले होते तिथं हात घालून बघत होती. तिनं हात झटकन ओढून घेतला. तळव्यांना कळलं नव्हतं ते हाताला कळलं होतं.

संस्थेची जीप संध्याकाळी आली. बाईंनी पाय बघितले, पट्ट्या बांधल्या. पुन्हा तेच पाय, तीच राख. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या पट्टीची टोकं सारखी करत राहिल्या. बायको काहीतरी सारवासारव करायला लागली, कुत्रा चुकून राबात गेला वगैरे. आईनं तिला थांबवलं.

"चुकून नाय गेला," ती म्हणाली. "मी बोलावला. घेऊन जा त्याला ताई. आमच्यात राखेबिगर काय होत नाय. आमी नाय लायक."

मला ते शब्द फार लागले. आईला असं कुणापुढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. बाईंनी जीपचं मागचं दार उघडलं आणि त्याला हाक मारली. तो पडवीतल्या बाकाखाली सरकला, अगदी भिंतीपर्यंत, आणि बाहेर येईना. बाई म्हणाल्या, "त्याला इथंच राहायचंय." मलम, गोळ्या देऊन त्या गेल्या. आईनं ते ऐकलं आणि तिला आशा वाटली. मलाही वाटली. घर सोडत नाही म्हणजे माफ केलं असणार, असा सोपा हिशेब आम्ही केला.

पाय बरे झाले. तो माझ्याजवळ येतो, बायकोच्या पदराला धरून ओढतो, गल्लीतल्या पोरांशी खेळतो, अनोळखी मोटरसायकलीवर भुंकतो. घर त्याचं आहे, याबद्दल त्याला काही शंका नाही. फक्त आईनं 'ये बाबा' म्हटलं की तो उठतो आणि कुंपणापाशी जाऊन बसतो. गुरगुरत नाही, दात दाखवत नाही. पूर्वी चूल पेटली की जिथं जाऊन बसायचा, तिथंच. बायको म्हणते, विसरेल. दोन पावसाळे झाले.

आईनं बरेच उपाय केले. सुकट केली, अंड्याचं कालवण केलं, पाठ करून बसली. एकदा न्हाणीत गेलेली बराच वेळ बाहेर आली नाही म्हणून बायको बघायला गेली, तर ती दगडावर बसून वजरीनं तळपाय घासत होती. लाल होईपर्यंत. बायकोनं तिच्या हातातली वजरी काढून घेतली. "निबर झालेत गं," आई म्हणाली. "काय कळतच नाय त्यांना."

यंदा तिनं राब भाजला नाही. रोप पिवळं आणि विरळ आलं. शेजारच्या काकांनी थट्टा केली, काय वहिनी, शेतीखात्यात नोकरी लागली का. आई म्हणाली, फांद्या तोडायला आता अंगात जोर नाय. काकांनी ते खरं मानलं. राब भाजला नाही हे कुत्र्याला कळणार नव्हतं, आणि हे आईलाही ठाऊक होतं. तिला बघवत नव्हतं म्हणून तिनं भाजला नाही, एवढंच. तिच्यासाठी मला काहीतरी करता आलं असतं तर मी केलं असतं. पण कुत्र्याची समजूत कशी घालायची हे कुणालाच माहीत नाही.

संध्याकाळी तो कधी ओढ्याकडं निघून जातो. अजून आला नाही हे सगळ्यात आधी आईच्याच लक्षात येतं. ती दारात येते, ओढ्याच्या दिशेनं बघते, पण तोंडातून शब्द काढत नाही. मग आत येऊन माझ्याजवळ उभी राहते.

"तू हाक मार रं त्याला," ती म्हणते. "तुझ्या हाकंला येतंय ते."

मी बाहेर जाऊन हाक मारतो. तो धावत येतो. तोवर आईनं ताटली पडवीत ठेवलेली असते, भाकरी कुस्करून, वर रस्सा घालून, आणि ती उंबऱ्याच्या आत जाऊन दाराआड उभी राहिलेली असते, म्हणजे तो निवांत जेवेल.

"खाल्लं का त्यानं?" ती आतून विचारते.

"खाल्लं," मी म्हणतो.