अक्काची आतली खोली

परभणीतल्या मे महिन्याबद्दल बाहेरच्या माणसाला सांगायला जाऊ नये. तो आधी हसतो, मग पंखा कुठाय म्हणून विचारतो. आम्ही मात्र "जगात जर्मनी, भारतात परभणी" असं म्हणून मान ताठ करतो आणि घाम पुसतो. अशाच एका मे महिन्यात मी स्टेशनच्या मागच्या बाजूला, हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत इंटर्नशिप करत होतो. माझ्या आयुष्यातले तेवढेच दोन महिने मी कुणाला न घाबरता श्वास घेतला. ते पुरते दोन महिनेही झाले नाहीत, पण ते पुढं येईल.

बाहेर पाटी होती 'युवक मार्गदर्शन केंद्र'. आत मात्र ते आमच्यासारख्यांचं होतं. म्हणजे ज्या पोरांना पोरंच आवडतात, ज्या पोरींना पोरी आवडतात, आणि ज्यांना देवानं अंग एक दिलं नि मन दुसरंच दिलं, अशा सगळ्यांचं. मोबाइलवर संदेश आला होता, एलजीबीटीक्यू तरुणांसाठी उन्हाळी इंटर्नशिप, मानधन मिळेल. ती इंग्रजी अक्षरं आमच्या गावात कुणाला उलगडत नव्हती हे माझं नशीब. मलाच ती स्वतःला लावून बघायला कितीतरी वर्षं लागली होती.

इंटर्न आम्ही दोघंच होतो. एक मी, आणि एक गंगाखेडची मुलगी. तिनं केस बारीक कापले होते आणि घरी सांगितलं होतं की उन्हामुळं उवा झाल्या. केंद्र चालवायची ती अक्का. सगळे तिला अक्काच म्हणायचे. ती जन्माला पोरगा म्हणून आली, पाथरीकडच्या एका खेड्यात. आता मोठ्या काठाची साडी नेसायची आणि पुरुषी आवाजात इतक्या मायेनं रागवायची की माणूस मुद्दाम चुका करी.

माझं काम सोपं होतं. सकाळी पहिल्या बसनं ताडकळसहून यायचं, कुलूप उघडायचं, झाडून घ्यायचं, माठ आणि कूलर भरायचा. मग फोनपाशी बसायचं. फोन यायचे, पण बोलणारे कमी. पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा, मागे कुठंतरी बकरी ओरडायची नाहीतर विहिरीवरची मोटार चालू असायची. अक्कानं शिकवलं होतं, आपण आधी फोन ठेवायचा नाही. "मी आहे" एवढं अधूनमधून म्हणायचं. सेलूच्या कापसाच्या जिनिंगमधला एक हमाल दुपारी यायचा तो फक्त झोपायला. कूलरसमोर आडवा व्हायचा, उठून तोंड धुवायचा नि निघून जायचा. मी विचारलं तर अक्का म्हणाली, "घरी त्याला झोपेत बी सोंग करावं लागतंय. हितं तरी नीट झोपू दे."

केंद्राची एक रीत होती. कुणाच्याही घरचं माणूस जिन्यावर दिसलं की पहिला बघणारा म्हणायचा, "पाहुणे आले." मग भिंतीवरचे सगळे तक्ते उलटे व्हायचे. त्यांच्या मागच्या बाजूला आम्ही संगणक वर्ग आणि बँकेच्या परीक्षांची माहिती चिकटवून ठेवली होती. खिडकीवरची रंगीत ओढणी घडी होऊन टेबलाखाली जायची. आणि अक्का आतल्या खोलीत जायची. ती खोली कसली, पत्र्याखालची कोंदट अडगळ. मोडक्या खुर्च्या, निरोधचे खोके, खिडकी नाही, कूलरची हवा पोचत नाही. जाताना ती दारातल्या स्वतःच्या चपलाही उचलून न्यायची, कारण एवढ्या मापाच्या बायकी चपला बघून पाहुण्यांना प्रश्न पडले असते.

"माझ्याच केंद्रात मी लपते बघ," ती बाहेर आल्यावर घाम पुसत हसायची. "झाकली मूठ सव्वा लाखाची, लेकरा."

मला तेव्हाही ते हसू सोसत नसे. पण त्या रीतीमुळंच आमच्यातलं कुणी उघडं पडलं नव्हतं, हेही खरं.

घोळ झाला तो चावीमुळं.

आमचं घर मेंढरांचं. वडील वर्षातले बरेच महिने कळप घेऊन बाहेर, कुणाकुणाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवत. आमच्यात चावी म्हणजे फार मोठी गोष्ट. जिच्या कमरेला चावी ती घरची कारभारीण, ज्याच्या खिशात पेटीची चावी तो मालक. आईनं माझा सदरा धुवायला घेतला आणि खिशातून केंद्राची चावी निघाली.

"ही कशाची चाबी?"

"हापिसाची. सकाळी मीच उघडतो."

"सायबाची चाबी तुज्यापाशी?"

तिच्या तोंडावर जो उजेड पडला तो मी तोवर कधी बघितला नव्हता. मी जीव तोडून सांगितलं की हे दोन महिन्यांचं शिकणं आहे, नोकरी नाही. ती म्हणाली, "समदे असंच म्हणतेत. नजर लागू न्हाई म्हून." पुढच्या ताडकळसच्या बाजारात तिनं कोंबड्या विकता विकता सगळ्या ओळखीच्या बायकांना सांगितलं की पोरगं परभणीत हापिसात लागलं, चाबीसकट.

आमच्याकडं आता मेंढरं बघून कुणी पोरगी देत नाही. शेतीवाल्यालाही देत नाहीत, मग आम्ही कोण? नोकरीवाला पोरगा म्हणजे गुळाचा खडा, मुंग्या लागायला वेळ लागत नाही. पालमचं स्थळ आलं. वडिलांनी फोनवर "बघून या" म्हटलं आणि सदरा इस्त्री करून मला नेण्यात आलं. मी मोठ्या माणसांच्या मधे बसून पोहे खाल्ले. काय करणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मुलगी धीट होती. काही विचारायचंय का, असं तिच्या मामानं उगीच रीतीपुरतं म्हटलं, तर तिनं खरंच विचारलं.

"तुमच्या हापिसात काय काम चालतंय?"

"लोक येतात, बोलतात. आम्ही ऐकतो."

तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. "बायांचं बी ऐकतेत का?"

मी हो म्हणालो. ती हसली. तिला मी आवडलो होतो. ऐकणारा माणूस मिळतोय म्हणून आवडलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी हे अक्काला सांगितलं. रडत सांगितलं, लाज कशाची. नाही म्हणालो तर का म्हणून विचारतील, आणि खरं सांगितलं तर वडील मला उभा चिरतील. हो म्हणालो तर ती पोरगी जन्मभर माझ्या तोंडाकडं बघत बसेल. अक्का भाजी निवडत होती. तिनं मुलीचा तो प्रश्न मला पुन्हा एकदा सांगायला लावला. मग भाजीची परात बाजूला सारली.

"मला बी एक बायको केली होती," ती म्हणाली. "लय साधी होती. रोज माझ्या ताटात जास्तीची भाकर टाकायची, वाटायचं तिला अशक्तपणा हाय ह्याला. मग तिलाच वांझ ठरवलं आन माहेरी धाडलं. मी उंबऱ्यात हुबा ऱ्हायलो, तोंडातून शबूद निघाला न्हाई. तिचं फुडं काय झालं, मला मालूम न्हाई."

स्वतःबद्दल बोलताना ती कधीच पुरुषासारखं बोलत नसे. त्या दिवशी बोलली. गंगाखेडवाली उठून माठाकडं गेली, पाणी न पिताच परत आली.

मुलीकडचे मुलाची नोकरी बघायला न सांगता येतात. सांगून आलं की मुलगा खुर्ची उसनी आणतो, असा त्यांचा अनुभव. एका भर दुपारी मुलीचे वडील आणि मामा डोक्याला रुमाल बांधून जिना चढले. "पाहुणे आले," गंगाखेडवाली म्हणाली. तक्ते उलटे झाले, ओढणी टेबलाखाली गेली. अक्कानं चपला उचलल्या आणि आतून दार लावून घेतलं.

मी पाणी दिलं. मामानं खुर्ची हलवून बघितली, कूलरची कंपनी वाचली, उलट्या तक्त्यावरची बँकेची माहिती वाचली. मुलीचे वडील भला माणूस. बस पकडायच्या घाईत जेवले नव्हते, तरी डब्यातली धपाटी त्यांनी आधी आमच्यापुढं केली.

"काय काम करायलेत तुमी हितं?"

"मार्गदर्शन," मी म्हणालो.

"पर्मनंट हाय का?" मामा म्हणाला.

 नाही म्हटलं असतं तर स्थळ मोडून मी सुटलो असतो, पण नाही म्हणायला तोंड उघडेना. घरी आई बाजारभर मिरवत होती, आणि इथं कूलर घरघरत होता. मी काहीतरी पुटपुटलो. मामानं ते हो म्हणून घेतलं.

"सायबाला भेटूनच जाऊ," तो म्हणाला. "ऊन बी उतरंल."

ते बसले. पत्रा तडतडत होता. मी आतल्या बंद दाराकडं बघायचं टाळत होतो. त्या भट्टीत ती कशी बसली असेल? मुलीच्या वडिलांनी रुमालानं मान पुसली आणि मला म्हणाले, "माजी पोरगी लय गुणाची हाय. तिला फकस्त तिचं ऐकणारा माणूस पायजे. तुमचं तिच्या मनात भरलंय."

आतली कडी वाजली.

अक्का बाहेर आली ती चपला पायात घालून. साडी अंगाला चिकटली होती, कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत ओघळलं होतं, हनुवटीवरची पावडर धुऊन गेली होती आणि दाढीची हिरवट खुंटं दिसत होती. ती दोघांच्या समोर उभी राहिली.

"सायब मीच," ती आपल्या खऱ्या आवाजात म्हणाली. "पोरगं दोन महिने शिकायला आलंय. नोकरी न्हाई ह्याला. तुमच्या लेकीला ह्या घरी देऊ नका, दादा."

"कामून?" वडिलांनी विचारलं, पण विचारतानाच त्यांचे डोळे तिच्या हनुवटीवरून माझ्यावर आले आणि माझ्यावरून गंगाखेडवालीच्या केसांवर गेले. मामा खुर्चीवरून असा उठला की खुर्ची पडली. त्यानं जिन्यात तोंड भरून शिव्या दिल्या. वडील मात्र थांबले. पेल्यातलं उरलेलं पाणी त्यांनी पिऊन टाकलं, पेला खाली ठेवला आणि अक्काला हात जोडले. ते हात भीतीनं जोडले की आणखी कशानं, मला आजही सांगता येणार नाही.

धपाटी टेबलावरच राहिली.

"अक्का, हे काय केलंस?" गंगाखेडवाली म्हणाली.

"बस झालं," ती म्हणाली. "लय उकडायलंय आत."

त्या संध्याकाळी माझ्या बसच्या आधी बातमी ताडकळसला पोचली होती. त्या बातमीनं घरात काय काय झालं ते मी लिहीत नाही, ज्यांच्या घरात असं घडलंय त्यांना माहीत आहे. वडील कळप सोडून आले. त्यांनी मारलं नाही. माझा मोबाइल घेतला, हातात काठी दिली आणि म्हणाले, "चल." एवढंच. आईनं बाजारात दुसरी गोष्ट पसरवली, पोराला फसवून नेलं होतं म्हणून. लोकांनीही ती मानली, कारण उद्या त्यांच्या घरावर वेळ आली तर त्यांनाही तीच लागणार होती.

दुकानवाल्यानं अक्काला खोल्या रिकाम्या करायला लावल्या. गिऱ्हाइकं नावं ठेवतात म्हणाला. मी लोकरीचा सौदा करायला परभणीला गेलो तेव्हा जिना चढून बघितलं. कुलूप नवं होतं, पाटी काढली होती. अक्का हैदराबादेकडं गेली असं कुणी म्हणतं, कुणी नांदेड म्हणतं. गंगाखेडवालीचं लग्न झालं. केंद्राचा नंबर मला पाठ आहे. कुणाचा फोन मागून लावला की वाजत राहतो. जे त्या फोनवर गप्प बसायचे, ते आता कुठं गप्प बसत असतील?

आता मी मेंढरांमागं असतो. लोकांना वाटतं पोरगं वाया गेलं, आणि मी त्यांना वाटू देतो. मेंढरांमागच्या पोराला पोरगी मिळत नाही. नोकरी नाही तोवर मी सुटलेला आहे, आणि ती पालमची मुलगीही सुटली, एवढं अक्कानं आमच्यासाठी कमावून ठेवलं. मी कुठं अर्ज करत नाही. आई मला आळशी म्हणते.

गेल्या बाजाराच्या दिवशी ती भाकऱ्या घेऊन रानात आली. चालून दमली होती, पण तोंडावर तोच उजेड होता, चावी सापडली होती त्या दिवशीचा. माझ्या मामानं सेलूच्या जिनिंगमधे शब्द टाकला होता. गोदाम सांभाळायचं काम आहे.

"ह्या टायमाला पर्मनंट हाय बघ," ती म्हणाली. "गोदामाची चाबी बी तुज्यापाशीच ऱ्हाणार. आता बघ कशी स्थळं येतेत."

मी भाकरी हातात घेऊन उभा राहिलो. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, आनंद कधी दिसतो याची वाट बघत.

"हो," मी म्हणालो.

सेलूच्या त्या गोदामाला आतली खोली असेलही. तिच्यातून माझ्यासाठी बाहेर येणारं आता कुणी नाही.