तबकडी ऐकायला या!

मी वेडा झालो ही बातमी आमच्या गल्लीत मला सोडून सगळ्यांना कळली होती.

तशी मला कुठलीच बातमी वेळेवर कळत नाही. शाळेत भूगोल शिकवण्यात हयात गेली आणि मागच्या बाकांवरच्या पोरांच्या गोंगाटात दोन्ही कान निम्मे गेले; मोठ्यानं बोललं तरच ऐकू येतं. निवृत्त झालो, नांदेडात घर बांधलं. पोरगा मिलिंद पुण्याला नोकरीला लागला, पोरगी करुणा लग्न होऊन लातूरला गेली, आणि दोन वर्षांमागं आमची विमलही गेली. ती गेल्यावर करुणानं मला कानाची यंत्रं आणून दिली. नवीन, महागातली, डबीत ठेवून चार्ज करायची. मी ती डबीतच ठेवायचो. कानात घालून ऐकायचं कुणाचं? घरात आवाज करणारा एकटा फ्रिज, आणि त्याचं ऐकण्यासारखं काही नसतं.

विमलच्या मागं तिची लोखंडी पेटी उरली. पेटीत तबकड्या. माझे सासरे मुदखेडला रेल्वेत होते. जयंतीला त्यांच्या वस्तीत लाउडस्पीकर लागायचा तो सासऱ्यांच्या तबकड्यांवर. भीमगीतं, कव्वाल्या, थोडी सिनेमाची गाणी. लग्नात विमलनं भांडी कमी आणि तबकड्या जास्त आणल्या. (माझी आई शेवटपर्यंत म्हणायची, "तबकडीत काय वरण वाढू का?") वाजवायचं यंत्र फार वर्षांपूर्वी दुरुस्तीला गेलं ते परत आलंच नाही. तेव्हापासून विमल दरवर्षी जयंतीच्या आदल्या दिवशी तबकड्या नुसत्या पुसायची, आणि पुसता पुसता एकच ठरलेलं गाणं गुणगुणायची.

तर, नवीन यंत्र घ्यायचं मी ठरवलं. खरं सांगायचं तर मला गाणं नको होतं, माणसं हवी होती. विमल गेली तेव्हा महिनाभर घरात बसायला जागा नव्हती. मग एकेक जण कमी होत गेला. कुणाचं चुकलं असं नाही. ज्याला त्याला आपापली कामं. "घरी या," म्हटलं की लोक "येतो की सर!" म्हणतात आणि येत नाहीत. येण्याला काहीतरी निमित्त लागतं. मला वाटलं, तबकडी लागली तर चार माणसं येतील, बसतील, दोन शब्द बोलतील.

मिलिंदला फोन केला. एरवी रविवारी "जेवलात का? गोळ्या घेतल्या का? ठेवू का?" अशी तीन प्रश्नांची परीक्षा घेऊन मोकळा होणारा मिलिंद, यंत्राचा विषय निघाल्यावर तासभर बोलला!

"बाबा, ते सूटकेससारखं मिळतं ना, ते मुळीच घेऊ नका. त्याची सुई जड असते. आईच्या तबकड्या खरवडून निघतील."

"बरं."

"आत पट्ट्यावर फिरणारं बघा. आवाज वाढवायची सोय आतच असलेलं घ्या, म्हणजे वेगळा डबा नको. आणि ब्लूटूथवालं घ्या. स्पीकर लांब ठेवता येतो, वायर पायात येत नाही. तुम्ही पडाल नाहीतर."

मी पडेन याची त्याला काळजी आहे, हे ऐकूनच मला बरं वाटलं. त्याच संध्याकाळी कुठलं यंत्र घ्यायचं ते माझं पक्कं झालं होतं. पण पक्कं झालं म्हणून सांगितलं असतं तर फोन बंद! म्हणून मी शंका काढत बसलो. आज झाकणाची शंका, उद्या सुईची, परवा "पट्टा तुटला तर नांदेडात मिळेल का?" मिलिंद रोज फोन करायला लागला. पावसाळा अर्धा गेला तरी आमची निवड चालूच. शेवटी तो म्हणाला, "बाबा, एवढा विचार तर मी लग्न करताना नव्हता केला."

"ते दिसतंच आहे," मी म्हणालो. आणि निवड तिथेच संपली.

दुकानदारानं पुडकं बांधता बांधता विचारलं, "काका, कामून ही भानगड करून राहिलात? पेनड्राइव्ह न्या. हजार गाणी बसतेत त्याच्यात!"

"गाणी नाही, माणसं बसवायची आहेत," मी म्हणालो. त्यानं माझ्याकडं जरा निरखून पाहिलं. (वेडाची पहिली नोंद बहुधा तिथली.)

मिलिंदनं पुण्याहून स्पीकर पाठवला. शनिवारी संध्याकाळचं आमंत्रण मी घरोघर फिरून दिलं. आले तिघं. समोरचे गंगाधरराव, यांची मुदखेडकडं केळीची बाग आहे आणि तोंडात कायम सुपारी. त्यांच्या मंडळी काशीबाई. आणि पठाण सर, माझ्याच शाळेत गणित शिकवायचे. मी सतरंजी झटकली, चहा ठेवला. चहा मी फक्कड करतो असं तेव्हा माझं मत होतं. डबीतून कानाची यंत्रं काढून दोन्ही कानांत घातली, कारण आज ऐकायला माणसं होती. स्पीकर कोपऱ्यात ठेवला. त्याचा निळा दिवा लुकलुकत होता. लुकलुकतोय म्हणजे चालू आहे, एवढं शास्त्र मला पुरेसं वाटलं.

आधी एकट्यानं वाजवून पाहिलं नव्हतं. एकट्यानंच ऐकायचं असतं तर एवढा खटाटोप कशाला?

विमलची आवडती तबकडी लावली. सुई अलगद टेकवली. आणि काय सांगू! ढोलकी थेट डोक्याच्या मध्यभागी वाजली. बुलबुलतरंग एका कानातून शिरून दुसऱ्यापर्यंत गेला. त्या कोपऱ्यातल्या चिमुकल्या स्पीकरमधून असा आवाज! मिलिंदनं पाठवलेली एक तरी गोष्ट कामाची निघाली म्हणून माझा ऊर भरून आला. मग ते गाणं लागलं, पुसता पुसता विमल गुणगुणायची ते. मला रडू आलं. मी लपवलं नाही.

तिघांकडं पाहिलं तर तिघं थक्क! गंगाधररावांची सुपारी तोंडात जागच्या जागी थांबलेली. काशीबाईंनी पदर डोळ्याला लावलेला. गाणं अशी जादू करतं! गंगाधररावांचे ओठ हलले. ते काय म्हणाले ते गाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही, म्हणून मी ओरडून विचारलं, "आवाज फार मोठा होतोय का?"

तिघांनीही जोरजोरात माना हलवल्या. नाही, नाही!

पठाण सर काशीबाईंच्या कानाशी काहीतरी बोलायला लागले, तेव्हा मी तोंडावर बोट ठेवून त्यांना गप्प केलं. गाणं चालू असताना बोलायचं म्हणजे काय! मांडीवर ताल धरला. एका कव्वालीला तर मी दोन्ही हात वर करून "वाहवा!" केलं. तबकडी संपल्यावर विचारलं, "दुसरी बाजू लावू?" गंगाधररावांनी हात जोडले. मी तो होकार समजलो.

दुसरीही बाजू झाली. मी डोळे पुसले आणि म्हणालो, "कसं वाटलं?"

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग गंगाधरराव सुपारी गालात सारून म्हणाले, "लई... लई शांत वाटलं, सर."

दुसऱ्या दिवसापासून माझ्या घराचं जंक्शन झालं! सकाळी उजाडताच पठाण सर दारात. "चलो सर, फिरायला." रस्ता ओलांडताना त्यांनी माझा हात धरला, तो पलीकडं गेल्यावरही सोडला नाही. दुपारी काशीबाई भाकरी आणि पिठलं घेऊन आल्या आणि मी शेवटचा घास खाईपर्यंत समोरून हलल्या नाहीत. संध्याकाळी गंगाधरराव केळीचा फणा घेऊन.

"सर, बरं हाय ना?"

"उत्तम!"

"झोप लागती ना?"

"छान लागते."

"काय लागलं तर हाक मारा. आमी हावच."

मी मनात म्हणालो, यंत्राचे पैसे वसूल झाले. विमलच्या तबकड्यांनी दोन वर्षांचं खिंडार भरून काढलं. आठवडाभर माझ्या घरातली खुर्ची रिकामी राहिली नाही, आणि मी खरोखर सुखात होतो.

मग अचानक करुणा आली. सांगितलं नाही, सवरलं नाही, लातूरहून सकाळची गाडी धरून बॅग घेऊन थेट दारात. चहाही प्यायली नाही. समोर बसली आणि म्हणाली, "बाबा, आज वार कोणता?"

"शुक्रवार. का गं?"

"मी कोण?"

"तू लातूरहून हे विचारायला आलीस?"

"बाबा, खरं सांगा," तिनं माझा हात हातात घेतला. "तुम्हाला आईचं गाणं ऐकू येतं का?"

"येतं की! यंत्र कशाला आणलंय मग? थांब, तुलाही ऐकवतो."

मी डबीतून कानाची यंत्रं काढून घातली, स्पीकर सुरू केला, तीच तबकडी लावली. ढोलकी वाजली, बुलबुलतरंग आला. करुणा यंत्राकडं पाहत होती, स्पीकरकडं पाहत होती, माझ्याकडं पाहत होती. आणि हुंदके देऊन रडायला लागली. पोरीला आईची आठवण आली, या विचारानं मीही रडायला लागलो. रडण्यात कान ओले झाले, खाज सुटली. म्हणून उजव्या कानातलं यंत्र काढून मी तिच्या हातावर ठेवलं.

करुणा रडायची थांबली. हात कानाशी नेला. मग माझ्या डोक्याशी कान नेला. मग परत हात.

"बाबा," ती म्हणाली, "हे तुमच्या कानातच गाऊन राहिलंय!"

मग तिनं मला शिकवणी दिली. तबकडीचं यंत्र सुरू झालं की ब्लूटूथचा जोडीदार शोधतं. कानाची यंत्रंही डबीतून काढली की थोडा वेळ जोडीदार शोधतात. दोघांनी एकमेकांना गाठलं. त्यात गाणं चालू असलं की बाहेरचं बोलणं ती बारीक करून टाकतात. कोपऱ्यातला स्पीकर लुकलुकत होता तो चालू होता म्हणून नाही, त्याला कुणीच भेटलं नव्हतं म्हणून.

"आणि ह्या लोकांना काय ऐकू येत होतं?"

"सुईची किरकिर," करुणा म्हणाली. "दोन्ही बाजू." आणि जमिनीवर बसून पोट धरून हसायला लागली. तिनं पुढचे फोन केले. तिला कळवून बोलावणाऱ्या काशीबाईंना, पठाण सरांना, मिलिंदला. डॉक्टरांची घेतलेली वेळ रद्द केली. (कानाच्या नव्हे, डोक्याच्या डॉक्टरांची.)

मीही हसलो. पण आतून काही बरं वाटेना. आठवडाभर लोक गाण्याला आले नव्हते, वेडाला आले होते. आणि आता मी शहाणा निघालो होतो. आपण ठार शहाणे आहोत हे कळल्यावर इतकं वाईट वाटलेला माणूस नांदेड जिल्ह्यात दुसरा नसेल.

झालंही तसंच. करुणा लातूरला परतली. पठाण सर सकाळी हात न धरता फिरायला लागले, मग दिवसाआड, मग गुडघा दुखायला लागला. भाकरी थांबली. केळी थांबली. मी यंत्रं पुन्हा डबीत ठेवली. असे दोन शनिवार नुसते गेले. तिसरा आला तेव्हा सतरंजी झटकू की नको, यावरच माझी अर्धी दुपार गेली. शेवटी झटकली.

आणि तिघं आले! करुणानं स्पीकर नीट जोडून दिला होता. या वेळी ढोलकी सगळ्यांच्या डोक्यात वाजली. गंगाधररावांनी एक गाणं सोसलं, दुसऱ्याला जांभई दिली, तिसऱ्याला मला म्हणाले, "सर, राग न्हाई ना यायचा? ते मागच्यासारखं तुमच्या कानातच लावा की. तुमी ऐका निवांत. आमी बसतो बोलत."

मी लावलं. आलेल्या माणसाचं मन मोडवत नाही. तेव्हापासून दर शनिवारी ही आमची मैफल. तिघं बोलतात, मी ऐकतो गाणं.

एका शनिवारी मी डोळे मिटून मान डोलावत असताना तबकडीची ती बाजू संपली. कानातलं गाणं थांबलं आणि बाहेरची माणसं ऐकू यायला लागली. बाजू बदलायला उठणार, तेवढ्यात काशीबाईंचा आवाज आला.

"चहा लई पांचट करतेत बाई सर. नुसतं साखरेचं पाणी."

"हळू बोल की!" गंगाधरराव.

"सरांना कुठं ऐकू येतंय? गाणं चालू हाय ना. विमलबाई होत्या तवा चहा प्यावा तर ह्याच घरचा."

"हाव," गंगाधरराव म्हणाले.

बशीत कप ठेवल्याचा आवाज आला. मग पठाण सर म्हणाले, "चाय कैसी भी रहो, आना पडता. अकेला आदमी है."

"ते तर हायच," काशीबाई म्हणाल्या. "म्या कुठं न यायचं म्हणून राहिले?"

मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर ओले दिसले असते. न वाजणाऱ्या गाण्याला मान डोलावत राहिलो, मांडीवर ताल धरला, एकदा तर हात वर करून "वाहवा!" सुद्धा केलं.

पुढच्या शनिवारी चहात दुप्पट पत्ती टाकली, आलं ठेचून घातलं, साखर निम्मी केली. तबकडी फिरत ठेवली, सुई टेकवलीच नाही, आणि डोळे मिटून बसलो.

"अगं बाई!" पहिल्याच घोटाला काशीबाई म्हणाल्या. "आज चहा कसा काय जमला सरांना?"

"वेड परत उलटलं का काय?" गंगाधररावांनी काळजीनं विचारलं.

मी मान डोलावली. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी भाकरी आली!