नवस फेडल्यावरच्या गोळ्या

मपली धाकटी जाऊ हसरी व्हती. मी तशी न्हाई. मला आदीपासून वाटतंय, जे वाईट व्हायचं ते व्हनारच, आपन कमरेला पदर खोचून ऱ्हावं.

आमी दोघी जावा आन दोघींचे मालक दरसाली ऊस तोडायला जायचो. दसरा झाला की पेडगावच्या घराला कुलूप. तोडीला एकट्याला कोन घेत न्हाई. नवरा-बायको मिळून एक कोयता, एक पडलं की दुसऱ्याचंबी काम बंद. जाऊ डोक्यावर मोळी घिऊन फळीवरून ट्रकात चढायची, तरी तोंड चालूच. मला म्हनायची, "बाई, फडाकडं तोंड करून उभ्या ऱ्हाऊ नगा, ऊस आंबंल."

एका उन्हाळ्यात तिला खोकला लागला. तिनं अंगावर काढला. मग थुकीत रगत आलं. परभनीला मोठ्या दवाखान्यात नेलं, छातीचा फोटो काढला, टीबी निघाला. सा म्हैने गोळ्या खायच्या, एक दिस चुकवायचा न्हाई, असं डाक्टरनं बजावलं. तिनं गावात आल्या आल्या देवीम्होरं नवस बोलला. बरी झाले की पाच सवाष्नी जेवू घालीन, खना-नारळानं वटी भरीन.

तवापासून ती बरी झाल्यासारखीच वागायली. गोळीनं उलटी व्हायची. चूळ भरून परत भाकर घ्यायची. म्हनायची, "रोग मला खातोय, मी भाकर खाते. बघू कोन दमतंय."

दसरा जवळ आला तवर खोकला गेला, गाल भरले. गोळ्या मातर अजून ऱ्हायल्या व्हत्या. तोडीला निघायच्या आदी तिनं नवस फेडला. पुरनाचा सैपाक केला. सवाष्नीत मीबी व्हते. जेवनं झाल्यावर म्या गोळ्याचं पाकीट तिच्याम्होरं ठिवलं.

"आता कशाला, बाई? नवस फेडला की."

"डाक्टरनं पुऱ्या करायला सांगितल्यात."

"देवीचं देऊन टाकलं आन वरून गोळी खायची? मंग देवीवर इश्वास कुठं ऱ्हायला?"

सासू म्हनली, "खरं हाय तिचं. फेडलेला नवस उसवू नगंस." बाकीच्या बायकाबी माना हालवायल्या. आमच्यात तसंच हाय. नवस फेडला म्हंजे दुखनं मिटलं, त्याचं नाव काढायचं न्हाई. म्या पाकीट उचलून भिताडाच्या फळीवर ठिवलं.

थंडीत फडातच खोकला परत आला. मोळी घिऊन चढताना ती खालीच बसली. परत दवाखाना. डाक्टर म्हनला, रोग मुरलाय, साध्या गोळीला आता ऐकायचा न्हाई. दिराला बाजूला घिऊन म्हनला, सालभर निघलं तर निघलं.

मग रोज सुया आन नव्या गोळ्या सुरू झाल्या. सुयांनी तिच्या कानाला कमी यायलं. मी रडकुंडीला आले तर म्हनती, "बरं झालं बाई, सासूची कटकट बंद झाली."

पुढं मपले मालक गेले. मपला कोयताच मोडला, मंग मी गावातच ऱ्हायले. दीर आन मोठी झालेली लेकरं जोडीनं तोडीला जायचे, घरात आमी दोघी. तिला धड चालवत नसायचं, तरी दर दसऱ्याला म्हनायची, "औंदा न्हाई जमलं, म्होरल्या साली येते बघा फडावर." डाक्टरनं सांगितल्याच्या किती पट जगली ती. नातवाला मांडीवर खेळवलं तिनं.

मालक गेल्यापासून मला जेवन जात नव्हतं. जाऊ आपली गोळी तळहातावर घिऊन बसायची. "तुमी दोन घास खाल्ल्याबिगर मी गिळनार न्हाई. बघा, मरीन हं, पाप लागंल." मंग मला खावं लागायचं.

औंदाच्या पावसाळ्यात एके सकाळी म्हनली, "आज लय बरं वाटायलंय. उद्या डोक्यावरून न्हाऊ घाला मला." दुपारी गेली.

भावकीतल्या बाया म्हनल्या, हसरी व्हती म्हनून इतकी निघली. आसंल. तिनं धीर सोडला असता तर त्या सुयांतच संपली असती. पन बरी झाले, बरी झाले करीत तिनंच गोळ्या सोडल्या, हेबी मी बघितलंय. ह्याचा हिशेब मला लागत न्हाई.

आता एकटीच जेवते. घास तोंडात फिरत ऱ्हातो, उतरत न्हाई. दवाखान्यातली पोरगी घरोघर येती. मागल्या खेपंला तिनं मला काट्यावर उभं केलं.

"आज्जी, लय वाळायलाव तुमी. खुश ऱ्हावा जरा. खुश मानूस लय जगतंय."

म्हनलं, "माय, खुश मानूस पल्याडच्या खोलीत व्हतं. तवर मीबी जेवत व्हते."